व्याघ्र प्रकल्पांच्या दारातील निवास आणि व्हीलचेअर: सक्ती हवी की नको?

तळजाईकर (मूळ धागा):

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या प्रवेशद्वारांजवळ जी निवासस्थाने पैसे घेऊन खोल्या देतात, त्या प्रत्येक ठिकाणी निदान एक खोली व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला कोणी उचलल्याविना वापरता येईल अशी असलीच पाहिजे, आणि ती नसेल तर त्या निवासाच्या परवान्याचे नूतनीकरण होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. दर उन्हाळ्यात पुण्याहून कितीतरी कुटुंबे नागपूर-चंद्रपूरकडे निघतात. ज्या घरात पक्षाघात झालेले वडील, मणक्याला इजा झालेला भाऊ किंवा पायरी चढू न शकणारी आजी असते, त्या घराचा बेत मात्र बहुधा फोनवरच मोडतो.

मोटारसायकलच्या अपघातानंतर माझ्या धाकट्या भावाला कमरेखाली संवेदना नाही. त्याच्यासाठी खोली शोधताना मी एकच प्रश्न विचारतो, की व्हीलचेअर बाथरूममध्ये कमोडपर्यंत जाते का. बहुतेक ठिकाणी उत्तर येते, ‘काळजी करू नका, आमची मुले उचलून नेतील.’ हे उत्तर देणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. परंतु पस्तिशीतल्या माणसाने रात्री दोन वाजता शौचाला जाण्यासाठी आचाऱ्याला आणि माळ्याला झोपेतून उठवायचे, ही व्यवस्था आपण स्वतःसाठी सोय म्हणून स्वीकारली नसती.

एका निवासाने तर आपली खोली व्हीलचेअरसाठी योग्य असल्याचे लेखी कळवले होते. तेथे पोहोचल्यावर दिसले, की व्हरांड्याला उतार होता, पण तो इतका उभा होता की खुर्ची मागे कलंडू लागली. आवारातील वाटेवर शोभेची गोल खडी पसरलेली होती आणि तिच्यात खुर्चीची पुढची लहान चाके रुतत होती. बाथरूमचे दार मी टेपने मोजले, ते २४ इंच भरले. आत चार इंचांचा उंबरठा होता आणि कमोडच्या अगदी लगत काचेची भिंत होती, त्यामुळे खुर्ची शेजारी लावून सरकण्यास जागाच नव्हती. उतार बांधणाऱ्याने पैसे खर्च केले होते. मात्र खुर्चीत बसलेल्या माणसाला एकदाही विचारले नव्हते.

नेमके काय हवे हे गूढ नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुलभ बांधकामाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत उताराचे प्रमाण १:१२ दिले आहे, म्हणजे दीड फूट उंचीच्या जोत्याला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि खुर्ची पूर्ण वळण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची जागा, ही मापेही सर्वज्ञात आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे आणि त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोक जिचा वापर करतात अशी खासगी इमारतही येते, विरंगुळ्यासाठी वापरली जाणारीसुद्धा. तरीही आपण ही गोष्ट निवासचालकाच्या मर्जीवर सोडून दिली आहे.

वनवाटाड्या:

तळजाईकर, आपल्या भावाबद्दल आपण जे लिहिले आहे ते मनाला भिडले, आणि तरीही मी या प्रस्तावाला विरोध करणार आहे. मी पुण्यातून छोट्या गटांच्या सहली नेतो आणि जाणीवपूर्वक बफर क्षेत्रातील, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, गावकऱ्यांच्या घरी मुक्काम ठेवतो. वाघामुळे ज्यांच्या शेतीचे आणि गुरांचे नुकसान होते, त्या गावांना पर्यटनाचा पैसा मिळण्याचे जे थोडे थेट मार्ग आहेत, त्यांपैकी हा एक आहे. माझ्या ओळखीतील एका घरात दोनच खोल्या भाड्याने दिल्या जातात. जोते तीन फूट उंच आहे, कारण पावसाळ्यात अंगणात पाणी साचते. आपल्याच हिशेबाने तेथे छत्तीस फुटांचा उतार आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा लागेल. संपूर्ण अंगण तेवढे नाही.

आपल्या सक्तीने मोठ्या रिसॉर्टना काहीही बाधा होणार नाही. ते वास्तुविशारद नेमतील, एक खोली पाडून बांधतील आणि तो खर्च भाड्यात मिळवतील. बंद पडतील ती ही घरे. दुसरे असे, की प्रत्येक ठिकाणी एक खोली म्हटले, की परवान्यापुरती खोली बांधली जाईल आणि आपण वर्णन केलेला तो उभा उतार शंभर ठिकाणी तयार होईल. त्यापेक्षा प्रत्येक प्रवेशद्वाराजवळ एक-दोन निवास उत्तम रीतीने सुसज्ज करावेत, तेथे प्रशिक्षित माणसे असावीत, आणि शासनाने स्वतःच्या मालकीच्या निवासांपासून सुरुवात करावी. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळ एमटीडीसीचे, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे, पर्यटक निवास आहेच. कायद्यानेही ‘वाजवी सोयी’ची व्याख्या करताना अवाजवी भार पडू नये, असे म्हटले आहे.

खडकीचा जवान:

मी व्हीलचेअर वापरतो. खडकीत जखमी सैनिकांना व्यवसाय शिकवणारी, १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज तंत्रसंस्था आहे आणि १९७४ पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, त्यामुळे या प्रश्नावर बोलणारी माणसे पुण्यात शोधावी लागत नाहीत. ‘उचलून नेऊ’ या उत्तराबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ते केवळ मानापमानाचे प्रकरण नाही.

ज्याला कमरेखाली संवेदना नसते, त्याला उचलताना मांडी दाराच्या कडीवर घासली तर ते त्याला कळत नाही. त्या ओरखड्याचा बेडसोअर, म्हणजे दाबाने चिघळत जाणारी जखम, होतो आणि तो भरून यायला महिने जातात. अनोळखी माणूस काखेत हात घालून उचलतो तेव्हा खांद्यावर ताण येतो, आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचे खांदे हेच त्याचे पाय असतात. मानेजवळच्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असताना खोली थंड राहणे ही त्यांच्यासाठी चैन नव्हे, तर वैद्यकीय गरज असते. वीज गेली तर विजेवर चालणारी खुर्चीही चार्ज होत नाही.

आता खोलीबद्दल. उतार आणि दार यांवर सर्वांचे लक्ष असते, पण पलंगाकडे कोणी पाहत नाही. पलंगाची उंची खुर्चीच्या आसनाएवढी, म्हणजे साधारण दीड फूट असेल, तर मी स्वतः सरकून जातो. अडीच फूट उंचीचा, वर जाड गादी ठेवलेला पलंग असेल तर मला दुसऱ्याचे हात लागतात. पलंगाखाली पेटी बांधलेली असेल तर रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राचे पाय आत जात नाहीत. शॉवरखाली भिंतीला दुमडणारे आसन, कमोडच्या बाजूला पक्का आधारदांडा आणि गुडघे आत जातील असे खालून मोकळे बेसिन, एवढे मिळाले की मी चार दिवस कोणालाही हाक मारणार नाही.

वनवाटाड्या, एक-दोन निवास सुसज्ज करण्याच्या आपल्या सूचनेत एक अडचण आहे. सुट्टीच्या हंगामात ते निवास भरले की माझी सहल रद्द होते. शिवाय मित्रांचा गट जेथे उतरतो तेथे मला उतरायचे असते. माझ्यासाठी वेगळे ठरवलेल्या जागी नव्हे.

माळरानी:

या चर्चेत वाहन कोठे आहे? खोली कितीही उत्तम असली, तरी पहाटे दारात उभी राहते ती उघडी जिप्सी, आणि तिच्या मागच्या आसनांवर चढण्यासाठी लोखंडी पायरीवर पाय देऊन स्वतःला वर खेचावे लागते. सफारी सुमारे चार तासांची असते, ठरावीक जागा सोडून खाली उतरता येत नाही, आणि कच्च्या रस्त्याचे धक्के वेगळेच. वन विभागाकडे जो निधी आणि जो उत्साह आहे, तो आधी वाहनांवर खर्च व्हावा, असे मला वाटते.

माझा दुसरा आक्षेप संवर्धनाच्या बाजूने आहे. जंगलाच्या कडेला आधीच फार काँक्रीट ओतले गेले आहे. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठीच्या २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राच्या, म्हणजे आतल्या सर्वाधिक संरक्षित भागाच्या, २० टक्क्यांपेक्षा अधिक भाग पर्यटनाला देऊ नये, अशी मर्यादा घातली, आणि त्यामुळे निवासाचा सगळा भार बफरमधील गावांवर आला. तेथे बांधकामाला आणखी एक सबब मिळू नये. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली आहे, तेथे लांडगे, चिंकारा, तरस दिसतात. अशा जवळच्या ठिकाणी दिवसभरात जाऊन घरी परतता येते. निवासाचा प्रश्नच टळतो.

तळजाईकर:

माळरानी, वाहनाबद्दलचा आपला मुद्दा पूर्णपणे रास्त आहे, परंतु तो निवासाच्या विरुद्ध नाही, निवासाच्या जोडीचा आहे. जिप्सीत चालकाशेजारचे पुढचे आसन मागच्यापेक्षा सखल असते. तेथे सहसा मार्गदर्शक बसतो. तो मागे बसला आणि ज्या निवासातून आपण निघतो तेथे योग्य उंचीचा एक पक्का ओटा असला, तर खुर्चीतून सरकफळीवरून त्या आसनावर जाता येते. हा ओटा निवासाच्या आवारातच बांधायचा आहे.

काँक्रीटची भीती मला पटत नाही. खडीऐवजी धुम्मस केलेला मुरूम किंवा बिनसांध्याची बसवलेली शहाबादी फरशी असली तरी खुर्ची उत्तम चालते, आणि दोन्ही गोष्टी आपल्याच भूमीतल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान १९२६ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र जवळजवळ २० हजार चौरस किलोमीटर आहे. तेथील स्कुकुझा, लोअर साबी, साटारा यांसारख्या मोठ्या तळांवर व्हीलचेअरसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. बर्ग-एन-डाल येथे तर कुंपणाच्या आतल्या बाजूने अंधांसाठी ब्रेल फलक असलेली पायवाट आहे. तेथे मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि स्वतःची गाडी नेता येते, ही सवलत आपल्याकडे नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आपल्याकडे निवासाने अधिक जबाबदारी घ्यायला हवी. आणि कडबनवाडी मला प्रिय असली, तरी वाघ पाहण्याची इच्छा असलेल्या माणसाला जवळच्या माळावर पाठवणे हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

कायद्याबाबत एक भर घालतो. अधिनियमाच्या कलम ४५ ने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुलभ करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ चे आहेत, म्हणजे ती मुदत केव्हाच उलटली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना, सुलभतेचे निकष केवळ शिफारशीसारखे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष वेगळे काढण्यास सांगितले. मी मागत असलेली सक्ती नवी नाही. संसदेने आणि न्यायालयाने सांगितलेलेच मी परवान्याशी जोडू पाहतो आहे.

कर्वेनगरची लेक:

माझी आई व्हीलचेअर वापरत नाही, ती वॉकर वापरते, आणि तिला या सगळ्याचा तेवढाच उपयोग होईल. तिच्यासाठी बाथरूममधला एक आधारदांडा आणि न घसरणारी फरशी यांवर सहल ठरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, पण गुडघे गेलेल्या वृद्धांची गणना त्यात बहुधा नाही. या खोल्या रिकाम्या राहतील, अशी भीती कोणी बाळगू नये.

वनवाटाड्या:

खडकीच्या जवानांचे बेडसोअरबद्दलचे निवेदन वाचल्यानंतर ‘आमची मुले उचलतील’ हे वाक्य मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्या घरांना वापरू देणार नाही. त्याऐवजी दाराची रुंदी, जोत्याची उंची, पलंगाची उंची, कमोडशेजारची मोकळी जागा यांची मापे आणि टेप लावलेली छायाचित्रे प्रत्येकाने प्रसिद्ध करावीत, आणि हे बंधन लहान-मोठ्या सर्वांवर असावे. त्याला खर्च नाही आणि त्यामुळे कोणाचाही बेत चंद्रपुरात पोहोचल्यावर मोडणार नाही.

परंतु परवाना अडवण्याला माझा विरोध कायम आहे. दोन खोल्यांच्या घराला आणि चाळीस खोल्यांच्या रिसॉर्टला एकच नियम लावला, तर बफरमधला माणूस पुन्हा मजुरीवर जाईल आणि पाहुणे शहरातल्या गुंतवणूकदाराकडे उतरतील. त्या घरांना अनुदान द्या, बाथरूम बांधून द्या, मग सक्ती करा.

खडकीचा जवान:

मापे प्रसिद्ध करण्याची सूचना मला मनापासून मान्य आहे आणि ती उद्यापासून अमलात येऊ शकते. अनुदानही द्यावे. सूट द्यायचीच असेल तर ती खोल्यांच्या संख्येवरून द्यावी, समजा पाच खोल्यांपर्यंत, आणि तीही ठरावीक मुदतीची असावी. ‘ग्रामीण’ किंवा ‘पर्यावरणपूरक’ अशा पाटीवरून देऊ नये, कारण ती पाटी उद्या चाळीस खोल्यांचे रिसॉर्टही लावेल. आणि खोली तयार झाली की ती तपासण्यासाठी अभियंत्याबरोबर खुर्ची वापरणाऱ्या एका माणसाला पाठवावे. पुण्यातून यायला आमच्यापैकी अनेकजण तयार आहेत.