अनुभव : जुने अमेरिकी विनोदी सिनेमे – कुणासाठी कोणता लावलात?

जाईजुई
परवा भाची हॉस्टेलवरून आली आणि जेवताना म्हणाली, "मावशी, एखादा जुना ब्लॅक अँड व्हाइट लाव ना, पण हसू आलं पाहिजे." मी 'रोमन हॉलिडे' (१९५३) लावला. खोटं बोलणाऱ्याचा हात चावतं म्हणतात त्या दगडी तोंडात ग्रेगरी पेक हात घालतो आणि नुसती रिकामी बाही बाहेर काढतो, तिथे ही जी किंचाळली! ऑड्री हेपबर्नची किंचाळीही खरीच आहे, पेक असं काही करणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एकदम बाबा आठवले. ते पुण्यातल्या अलका आणि कॅम्पातल्या वेस्ट एंड टॉकीजला इंग्रजी पिक्चर बघत वाढलेले. घरात व्हीसीआर आला तेव्हा शनिवारची कॅसेट आणणं हे त्यांचं खातं. निघताना आईला एकच विचारायचे, "आज बघायला कोण कोण आहे?" आजी असली तर जाड्या-रड्या (लॉरेल आणि हार्डी). 'द म्युझिक बॉक्स'मध्ये दोघं एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर नेतात, गोष्ट एवढीच. आजीला इंग्रजीचा गंध नव्हता, पण पियानो घसरला की "गेलं गं बाई!" म्हणून ओरडायची. लग्नाच्या मुली असलेले काका आले तर 'फादर ऑफ द ब्राइड' (१९५०). मुलीच्या लग्नाचा खर्च वाढताना स्पेन्सर ट्रेसीचा चेहरा कसा होत जातो ते काका बघायचे आणि मान डोलवायचे.

मला मनापासून वाटतं की हे सिनेमे 'सर्वोत्तम शंभर'सारख्या याद्यांवरून निवडू नयेत. शेजारी कोण बसलंय ते बघून निवडावेत. तुमचे अनुभव येऊ द्या. कुणासाठी काय लावलंत, जमलं का?

कैरी
धीराने बघायचे असतात काही. दिरांनी एकदा सासूबाईंसाठी 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) लावला. कॅरी ग्रँट आणि रोझालिंड रसेल एकमेकांचं वाक्य संपूच देत नाहीत. सबटायटल वाचून होईपर्यंत पुढची तीन वाक्यं पळालेली असतात. पंधराएक मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे श्वास कधी घेतात?" आता आमच्याकडे फार बोलणाऱ्या कुणालाही हेच विचारतात.
कुकर झाला, येते.

गोदाकाठ
घर बांधताय किंवा रंग काढताय? 'मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस' (१९४८) बघाच. बायको रंगाऱ्याला एकेका खोलीचा रंग समजावते. पिवळा म्हणजे अगदी ताज्या लोण्यासारखा, हिरवा म्हणजे फार गडद नाही, लालला तर दोऱ्याचा नमुना. रंगारी सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि ती गेल्यावर त्याचा जोडीदार सांगतो : लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा. आमचं घराचं काम चालू असताना मी आणि बायको हा सीन परत परत बघायचो. कंत्राटदाराशी फोनवर वाद झाला की ती फक्त "लाल, हिरवा, निळा" म्हणायची आणि माझा राग उतरायचा.

तर्री_जास्त
@गोदाकाठ नाशकात कुठे बांधलंत? आमचाही प्लॉट आहे, पाणी लागत नाहीये.

गोदाकाठ
@तर्री_जास्त पाथर्डी फाट्याच्या पुढे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, बोअरवाला चांगला आहे.
(ब्लँडिंग्जमध्येही विहीर खणायचा प्रसंग आहे, तो चुकवू नका :ड)

सांजपाखरू
न्यू जर्सीहून. सासरे दरवर्षी उन्हाळ्यात येतात. मुलांना मराठी समजतं पण बोलताना अडखळतात, आजोबांना इथलं इंग्रजी झेपत नाही. मधला पूल म्हणजे डॅनी के! 'द कोर्ट जेस्टर'मध्ये कुठल्या पेल्यात विष आणि कुठल्यात नाही हे लक्षात ठेवायचं एक यमक आहे, ते तो बिचारा घोकतोय, घोळ घालतोय, आणि शेवटी पेलाच बदललेला असतो. आजोबांना यमक कळलं नाही, पण माणूस घाबरून पाठांतर विसरतोय हे लगेच कळलं. मग त्यांनी मुलांना "कच्चा पापड, पक्का पापड" शिकवलं. दोन्ही मुलं आता ते माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणतात.

वडाचापार
छान धागा. 'सम लाइक इट हॉट' (१९५९) चं नाव कसं नाही आलं अजून?
आमच्या कंपूत हा सिनेमा नवीन माणसाला दाखवायचा रिवाज आहे. टोळीयुद्धातले खून बघितल्यामुळे पळणारे दोन वादक बायकांचे कपडे घालून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. आपल्याकडे त्याचा 'रफू चक्कर' (१९७५) झाला. रंगीत सिनेमे तेव्हा सर्रास होत होते, तरी मूळ सिनेमा कृष्णधवल आहे, कारण रंगीत चाचणीत जॅक लेमन आणि टोनी कर्टिस यांचा मेकअप हिरवट दिसायला लागला. अमेरिकेत त्या काळी पडद्यावर काय चालेल याची कडक आचारसंहिता होती, १९३४ पासून ती सक्तीने लावत. या सिनेमाला तिचं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं, तरी तो तुफान चालला. शेवटचं वाक्य मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्याकडून ते हिरावून घ्यायचं नाही.
दिग्दर्शक बिली वाइल्डर १९३३ साली हिटलरच्या जर्मनीतून पळालेला ज्यू. त्याची आई नंतर नाझींच्या हातून मारली गेली. असा माणूस जगाला हसवत राहिला याचं मला कायम भरून येतं. म्हणून मी नवख्याला आधी वाइल्डरच दाखवतो.

कैरी
वडाचापार, आईचं माहीत नव्हतं. वाचून गलबललं.

निशिगंध७
पहिल्यांदाच लिहितेय. भावाची किमो चालू होती तेव्हा त्याला मारामाऱ्या, रडारड काहीच नको असायचं. 'हार्वे' (१९५०) कुणीतरी सुचवला. जेम्स स्टुअर्टचा मित्र एक सहा फूट साडेतीन इंची ससा, जो दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. स्टुअर्ट त्याला दार उघडून देतो, लोकांशी ओळख करून देतो. त्यात कुणाची टिंगल नाही, सगळा सिनेमा मायेचा. दादाने दुसऱ्या दिवसापासून पलंगाशेजारची खुर्ची हार्वेची ठरवली. डॉक्टर राउंडला आले की "तिथे नको, तो बसलाय" म्हणायचा. डॉक्टरही बाजूला उभे राहायचे.
दादा आता नाही. पण ते महिने आठवले की आधी हसूच येतं, म्हणून लिहिलं.

जाईजुई
निशिगंध, लिहिलंस ते फार बरं केलंस गं. तुझ्या दादाला आणि त्या डॉक्टरांना नमस्कार.

तर्री_जास्त
_/\_

गोदाकाठ
ताई, काळजी घ्या.

पेठी_बाणा
एक गोष्ट सांगणं भाग आहे. 'द अपार्टमेंट' (१९६०) कॉमेडीच्या रकान्यात बघून कुणी सहकुटुंब लावू नका. तोही वाइल्डरचाच, त्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच, आणि माझ्या मते तो त्याचा सगळ्यात चांगला सिनेमा. पण त्यात साहेब लोकांची लफडी आहेत आणि नायिका झोपेच्या गोळ्या घेते. मन नाजूक अवस्थेत असलेल्या माणसापुढे हे अचानक येऊ नये.
एकट्याने मात्र जरूर बघा. जॅक लेमन टेनिसच्या रॅकेटवर स्पॅगेटी गाळतो ते बघताना मला माझी गिरगावातली खोली आठवली. गाळणी कधीच नसायची.

तर्री_जास्त
आम्ही मॅगीचं पाणी धोतराच्या फडक्याने गाळलेलं आहे. धुतलेल्या. 🙏

सांजपाखरू
हसून हसून पुरेवाट!

इंद्रायणी_काठी
मोठ्यांना ओळखीच्या गोष्टीवरून आत न्यावं, हा माझा अनुभव. आईला 'सत्ते पे सत्ता' तोंडपाठ. तिला सांगितलं, याची मूळ गोष्ट दाखवते, आणि 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४) लावला. कोठार बांधतानाचा नाच आणि हाणामारी बघून ती उठून उभी राहिली. मग 'चोरी चोरी'वरून 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४), 'ये दिल्लगी'वरून 'सॅब्रिना' (१९५४). आता तीच विचारते, "अजून कशाकशाची मूळं आहेत?"

कैरी
इंद्रायणी, हे भारी आहे! 'धमाल'वरून 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' (१९६३) दाखव काकूंना. अडीच तासांहून मोठा आहे, मध्ये चहा ठेव.

मोगरा_नि_मी
मला मदत हवीय. रविवारी आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, घरी पाच वर्षांपासून ऐंशीपर्यंत सगळे. प्रोजेक्टर आणलाय. 'द फिलाडेल्फिया स्टोरी' चालेल का?

पेठी_बाणा
नको. सगळा गप्पांचा सिनेमा आहे, मुलं कंटाळतील.

वडाचापार
'सिंगिंग इन द रेन' (१९५२). डॉनल्ड ओकॉनर भिंतीवर धावत जाऊन उलटी कोलांटी मारतो, तिथे पोरं खूश. मूकपटातली नटी बोलपटात तोंड उघडते तेव्हा मोठे खूश.

सांजपाखरू
+१. डॅनी के दुसऱ्या रविवारी.

मोगरा_नि_मी
ठरलं, 'सिंगिंग इन द रेन'! सगळ्यांचे आभार. आता चादर कुठल्या भिंतीला लावू ते बघते, हॉलची भिंत पिस्ता रंगाची आहे.

गोदाकाठ
फार गडद नाही ना?