ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅकच का?

रातकिडा:
छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत गेलं की ईसीजी आणि पाठोपाठ ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची टेस्ट. ईसीजी नॉर्मल, बरगडीपाशी दाबलं की कळ येते, तरी ट्रोपोनिन टी १४ च्या आत हवं ते २२ आलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं आणि पेशंट थेट आयसीयूत. अहो वय झालेलं, किडनी अधू, बीपीने हृदयाची भिंत जाड झालेली, अशांचा आकडा एरवीही वरच असतो. दुखणं हृदयाचं वाटत नसेल तर ही टेस्ट करूच नये, नसती भानगड.

सुईदोरा:
वाटत नसेल हे ठरवणार कोण? दाबल्यावर दुखतं म्हणून अटॅक नाही असं छातीठोक नाही सांगता येत. डायबेटीसवाल्यांना कधीकधी नुसता दम लागतो, मळमळतं, बस्स. आणि किडनीमुळे २२ आलं म्हणजे आकडा खोटा असं नव्हे, अशा पेशंटना पुढे हृदयाचा धोका जास्तच असतो.

लॅबवाला:
दोघंही एकाच आकड्यावर भांडताय. एक-तीन तासांनी परत रक्त घ्या. २२ चं २३ झालं तर जुनंच काहीतरी, ६० झालं तर आत्ता काहीतरी चाललंय. त्यातही अटॅकच असं नाही, फुफ्फुसात गुठळी, मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज), सेप्सिस (अंगभर भिनलेलं इन्फेक्शन), अगदी मॅरेथॉन पळून आलेला माणूससुद्धा. उलटंही होतं बरं का, दुखायला लागून तासभरच झाला असेल तर पहिला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि केसांसाठी बायोटिनचा मोठा डोस घेणाऱ्यांचं ट्रोपोनिन काही मशीनवर खोटंच कमी दिसतं. हे कोणी विचारतच नाही! शिवाय टी आणि आय या वेगळ्या टेस्ट, एका लॅबचा टी आणि दुसरीचा आय शेजारी ठेवून वाढलं-कमी झालं म्हणू नका.

सुईदोरा:
बीएनपीचंही, म्हणजे हार्ट फेल्युअरसाठी करतात त्या रक्ताच्या टेस्टचंही, तेच ना? लठ्ठ माणसात कमी येतं, वय आणि किडनीने वाढतं.

लॅबवाला:
हो, आणि एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, असेल तरी वाढतं.

रातकिडा:
ठीक, करा दोनदा. पण मग दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत, ईसीजी साफ आणि पेशंट ठणठणीत असताना, अँजिओची सही मागायला येऊ नका.

सुईदोरा:
सही मागणारा चुकला म्हणा की, टेस्ट का बंद करताय?