मदत हवी आहे: १९३० मधली नाशिकची ट्राम

काळाराम मंदिर सत्याग्रहावरची माझी कादंबरी इथलंच एक छोटं प्रकाशन काढतंय. २ मार्च १९३० च्या आदल्या संध्याकाळी एक पोरगा नाशिकरोडला उतरतो, कडेवर धाकटी बहीण, आणि ट्रामने मेन रोडला येतो. मार्ग मिळाला. सार्वजनिक वाचनालयात जुने अंक चाळले, गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. पण सगळे घोड्यांच्या ट्रामबद्दल सांगतात, साल कुणालाच आठवत नाही. टांगा दाखवून वेळ मारून नेता येईल, पण आपल्या गावाची ट्राम पुस्तकात यायलाच हवी. प्रुफं महिनाअखेरीस जातील. घरात ऐकलेली आठवणही चालेल, फक्त कुणाची ते लिहा. १९३० साली ट्राम घोडेच ओढायचे की इंजिन आलं होतं, आणि तिकीट किती होतं?