टेकापोचं चर्च: तळं स्विमिंग पूल दिसतंय, काय करू?

रंगपेटी:
डिसेंबरात लेकीकडे न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला गेले होते. तिथून गाडीने तीनेक तासांवर टेकापो तळं आणि काठावर एकटं उभं दगडी चर्च ऑफ द गुड शेफर्ड. आत फोटोला मनाई, म्हणून बाहेर बसून पेन्सिलने दोन स्केचेस केली. वारा असा, की पॅड जावयाला धरायला लावलं. आता नाशिकला क्वार्टर इंपिरियल आकाराच्या कागदावर जलरंगात करतेय. चर्च जमलं, तळं तीनदा फसलं. थॅलो ब्लूमध्ये थोडा हिरवा व्हिरिडियन घातला तर काचेसारखं लखलखीत. आमचे हे म्हणाले, "चर्चमागे स्विमिंग पूल कधी बांधला?" तीनशे जीएसएमचे जाड कागद पाठपोट संपले हो!

दक्षिणवारा:
ताई, मी इकडेच राहतो. ते पाणी नितळ नसतंच. हिमनद्यांनी खडक दळून केलेलं पीठ त्यात तरंगतं, म्हणून रंग दुधाळ. आणि गंमत ऐका: १९३५चं हे चर्च आर्किटेक्ट हारमन यांचं, पण आराखड्याला आधार होता एस्थर होप या इथल्याच चित्रकार बाईंच्या स्केचेसचा. म्हणजे आधी ते कागदावरच उभं राहिलं. दगडही आसपासचेच, तेव्हा भिंतीचा आणि जमिनीचा रंग फार वेगळा नको.

ओलाकागद:
थॅलो बाजूला ठेवा. कागदात मुरतो, उचलायला गेलं की डाग राहतो. सेरुलियन निळ्यामध्ये किंचित व्हिरिडियन आणि ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच पांढरा गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. गॉश वॉशमध्येच, म्हणजे पातळ रंगातच मिसळा. वरून दिलात तर खडू फासल्यासारखा दिसेल. काठचं गवत यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाचं, चांगलं मातकट. त्याच्याशेजारी फिकट निळाही पुरतो. आणि जांभळ्या लुपिन फुलांचा मोह आवरा, तळ्याकडे कुणी बघणार नाही.

रंगपेटी:
लुपिन काढून झाले होते. पुसले, डाग राहिलाच.
चौथा कागद आज केला. गॉश जरा जास्त पडला, डोंगराखाली पाणी ताकासारखं झालंय. पण यांनी पूल म्हटलं नाही, "ढगाळ होतं का त्या दिवशी?" एवढंच विचारलं. छप्पर कसलं आहे? माझ्या स्केचमध्ये नुसत्या रेघा आहेत.

दक्षिणवारा:
स्लेट. पूर्वी लाकडी चिपांचं होतं. निळसर करडा द्या, पण तळ्याचा ब्रश धुऊन घ्या आधी.