गल्लीत आधी गतिरोधक हवेत की चालण्याजोगा फुटपाथ?

पायवाट
आमच्या कोथरूडच्या भागात सध्या जो तो एकच अर्ज घेऊन निघालाय: आमच्या गेटसमोर गतिरोधक टाका. माझा विरोध आहे. माणसं मुळात गाड्यांच्या वाटेत का येतात ते बघा ना. फुटपाथ आहे, पण त्यावर वीजपेटी, तिच्यापुढे दोन बुलेट, मग फ्लेक्सचा खांब. शिवाय गाडी आत घेता यावी म्हणून प्रत्येक गेटपाशी फुटपाथ कापून उतार केलेला. दहा पावलं चाललं की उतरा, पुन्हा चढा. गुडघे धरलेली आजी हे कशाला करेल? ती सरळ डांबरावरून चालते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेप्रमाणे निवासी भागातही किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. २०२२ साली देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मागायचं तर ते मागा.

सायलीची आई
अजिबात पटलं नाही. फुटपाथची निविदा निघणार कधी, काम होणार कधी? माझी मुलगी उद्या सकाळी साडेसहाला स्कूलबससाठी उभी राहणार आहे. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला गाड्या आमच्या गल्लीतून सुसाट सुटतात. फुटपाथ कितीही चांगला केला तरी रस्ता ओलांडावा लागतोच, आणि तिथे वेगच जीव घेतो. गतिरोधक एका रात्रीत होतो.

रिक्षावाला
ताई, एका रात्रीत होतो तोच घात आहे. डांबर ओतून उंचवटा करून जातात. ना पांढरे पट्टे, ना आधी फलक, वर दिवा झाडाच्या फांद्यांत बुडालेला. अंधारात मागे बसलेली बाई उडून पडते. गरोदर बाईला दवाखान्यात नेताना एकेक गतिरोधक कसा जातो ते मला विचारा.

अभियंता७२
रिक्षावाले म्हणतात तो गतिरोधक नव्हेच. नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. पंचवीसच्या वेगाने गाडी त्यावरून हलकी जाते. आपल्याकडे तेवढीच उंची हातभर रुंदीत बसवतात, म्हणून कंबर मोडते. माझं मत: शाळा आणि बसथांब्यापाशी झेब्रा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणा. गाडी आपोआप हळू होते आणि आजीला उतरावंही लागत नाही. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद करता आले, मग वस्तीतल्या एका चौकात हे का जमू नये?

मुळाकाठ
सगळं बोललात, पथारीवाल्यांचं कुणीच बोललं नाही. आधी भाजीच्या गाड्या हटवा, फुटपाथ आपोआप मोकळा होईल.

पायवाट
@मुळाकाठ, नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही जागा नेमून द्यायची आहे, नुसतं हाकलायचं नाही. आणि आमच्या गल्लीत फुटपाथ अडवलाय तो भाजीवाल्या मावशींनी नाही, आपल्याच सोसायट्यांच्या गाड्यांनी. संध्याकाळी सातनंतर येऊन बघा. मावशींच्या टोपलीपाशी चार माणसं उभी असतात, म्हणून त्या कोपऱ्यावरून मुली निर्धास्त जातात.

मुळाकाठ
टोपली आज एक आहे, उद्या दहा होतील. नेमलेल्या जागा कागदावर राहतात आणि चालणारा रस्त्यावर येतो. मी मत बदलणार नाही.

सायलीची आई
@अभियंता७२, उंच क्रॉसिंग मला चालेल. पण ते होईपर्यंत निदान रबरी गतिरोधक तरी बसवा.

रिक्षावाला
रबरी नको. दोन पावसाळ्यांत तुकडे निघून जातात आणि खालचे खिळे वर येतात. पट्टे मारा, फांद्या छाटा, दिवा लावा. ह्याला निविदा लागत नाही.

सायलीची आई
दिवा तर हवाच, दादा. पण पट्टे बघून वेग कमी करणारा चालक आमच्या गल्लीत मला अजून दिसलेला नाही. माझा अर्ज मी मागे घेत नाही. त्यात उंच क्रॉसिंगची मागणी वाढवते. @पायवाट, फुटपाथचा अर्ज तुम्ही लिहा, मी सही करते.