फेजच्या जुन्या बाजारात किती दिवस ठेवावेत?

पैठणगेटकर: नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन मोरोक्कोला जायलोत, फेजला दोन दिवस धरलेत. बाबांचं आयुष्य गुलमंडीत कापड विकण्यात गेलं, त्यांना विणकर, रंगारी नीट बघायचेत. दोन दिवस पुरतील का? आईचे गुडघे दुखतात.

लातूरची_माय: तीन ठेवा ताई. फेस अल-बाली म्हणजे जुनं शहर, १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आत गाड्या नाहीत, सामान गाढव-खेचरावर. मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा) ओरडलं की भिंतीला लागायचं, आईंचा हात सोडू नका. बाब बू जलूद दरवाजातून आत गेलं की उतार आहे, येताना चढ, म्हणून दुसऱ्या बाजूनं रसीफ चौकात बाहेर पडून टॅक्सी धरा. शुक्रवारी बरीच दुकानं बंद असतात.

जालनाकर: चौवारा चामडे कमावायची जागा गच्चीवरून बघा. चुना अन् कबुतराची विष्ठा घालून कातडी मऊ करतात, वास भयंकर, पुदिन्याची काडी देतात ती नाकाशी धरा. करवीयीन मशीद ८५९ ची, फातिमा अल-फिहरी या बाईनं उभारली असं सांगतात, मुस्लिम नसलेल्यांना दारातूनच बघता येते, पण बू इनानिया मदरशात आत जाता येतं.

पैठणगेटकर: अन् कापड?

लातूरची_माय: ‘कॅक्टस सिल्क’ म्हणजे निवडुंगाच्या धाग्याचं रेशीम म्हणून बऱ्याचदा रेयॉनच देतात. बाबांना हात लावून बघू द्या, हिमरू ओळखणारा माणूस आहे तो. दिरहम, म्हणजे तिथलं चलन, तिथंच बदलून घ्या.