हिरवा ढिगारा म्हणजे परत मिळालेलं वावर नव्हे

वर्धाकाठ
काल एका निवृत्त खाण अधिकाऱ्यांची पोस्ट फिरत होती. फोटोत ओबीचा, म्हणजे कोळशावरून उकरून टाकलेल्या माती-दगडाचा ढिगारा, त्यावर सुबाभूळ, आणि खाली लिहिलेलं, 'कोळसा काढला, जंगल दिलं, आता तरी रडगाणं थांबवा.' रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

असाच एक ढिगारा आमच्या साडेचार एकर वावरावर उभा आहे. कमरेएवढी काळी माती होती तिथं. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा आजोबा बुजवू देत नसत. म्हणायचे, वरची माती आत जाते, ही जमीन स्वतःच स्वतःला वखरते. पऱ्हाटी, तूर, मागून हरभरा, सगळं ओलिताशिवाय. खाण आली तेव्हा मी नववीत होतो. ऐन पावसाळ्यात पोकलेन लागलं, आणि काळी माती, पिवळी माती, मुरूम, दगड एकाच डंपरमध्ये गेलं. पर्यावरण मंजुरीच्या अटींत वरची माती वेगळी रचून ठेवा, नंतर परत पसरा, असं लिहिलेलं असतं. मला एवढंच विचारायचं आहे, ती माती कुठं आहे? झाडं किती लावली ते सांगू नका.

ओबीवाला
ओपनकास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणींत, २६ वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर देतो. तुमच्या वावराचं झालं ते चूकच. पण सगळीकडे तसंच होतं, हे खोटं आहे. आम्ही माती वेगळी काढली, रास घातली, कडेनं चर खणले. एका हेक्टरवरून फूटभर माती काढली की ३,००० घनमीटर होते. मीटरभर काढायची म्हटलं तर १०,०००. ती ठेवायला जागा लागते, आणि ती जागाही कोणाचं तरी वावरच असते. शिवाय खड्डा भरून वर माती टाकायची वेळ येईपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात, तोवर राशीतली माती मरते.

आणि मातीशिवायही जमतं. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), मुळांवरची बुरशी आणि जिवाणू खतं वापरून झाडं उभी केली. आशा जुवारकर यांचं काम आहे ते. वाचा आणि मग बोला.

मातीपरीक्षक
वाचलंय दादा, आणि ते काम मोठंच आहे. पण ज्या ढिगाऱ्यावर माती नव्हतीच, तिथला तो उपाय. हाताशी मीटरभर काळी माती असताना ती गमवायला त्याचा आधार घेऊ नका. दगडात खड्डा करून, त्यात मळी घालून झाड जगवता येतं. तूर एकरभर पसरलेल्या मातीत येते.

रास जुनी झाली की माती मरते, हे तुमचं खरं आहे. उंच राशीच्या पोटात हवा जात नाही. गांडुळं जातात, बुरशी जाते, बियाणं कुजतं. पण म्हणूनच शक्य तिथं रास घालायचीच नाही. एकीकडे माती काढायची आणि त्याच हंगामात भरून झालेल्या भागावर पसरायची. पहिल्या कापाची माती ठेवावी लागेल, ती बुटक्या राशीत, वर ताग किंवा धैंचा पेरून. आणि काळ्या मातीला ओल्यात हात लावायचा नाही. ओली चिकणमाती डंपरच्या चाकाखाली गेली की वीट होते, मग मूळही शिरत नाही आणि पाणीही.

जर्मनीत ऱ्हाइनच्या लिग्नाइट खाणींत शेतीसाठी दोन मीटर लोएस, म्हणजे वाऱ्यानं साचलेली बारीक सुपीक माती, परत टाकतात. पहिली सात वर्षं कंपनीच लसूणघास वगैरे लावून ती जमीन सांभाळते, मग शेतकऱ्याकडे देते. अमेरिकेत १९७७ च्या कायद्यानं उत्तम शेतजमिनीचे थर वेगवेगळे काढावे लागतात, आणि पीक पहिल्यासारखं येतं हे दिसल्याशिवाय अनामत सुटत नाही.

ओबीवाला
ताई, जर्मनीचे दाखले देणं सोपं आहे. अनामत आपल्याकडेही आहे. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख रुपये एस्क्रो खात्यात, म्हणजे खाण बंद करण्याच्या कामांसाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, भरायचे ठरले होते.

वर्धाकाठ
आणि त्याच सूचनांत दर पाच वर्षांनी त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत मिळू शकत होते, तेही सांगा. कामं झाली का एवढं बघतात. हरभरा किती क्विंटल झाला, हे कोण बघतं? कोळशाच्या जमिनी संपादन करायच्या १९५७ च्या कायद्यानं घेतलेली जमीन कंपनीच्या नावे झाली, आता तिथं पीक येवो न येवो, कोणाचं अडतं?

ऊर्जानगरची आई
तुम्ही मातीवर भांडा. आमच्याकडे त्याच ढिगाऱ्यांवर वेडी बाभूळ माजली आहे, त्यात डुकरं आणि डुकरांमागे वाघ. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरजवळ दुर्गापूर-ऊर्जानगरला वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मारली गेली. मुलगा ट्यूशनहून येईपर्यंत मी फाटकात उभी असते. तुमचं ते 'जंगल' आधी कापा.

जंगलवाट
कापा म्हणणं सोपं आहे. वाघ तुमच्या घरात आला नाही, त्याच्या फिरण्याच्या वाटेवर खाणी आणि वसाहती आल्या. झुडूप कापलं तर तो हवेत विरणार का?

ऊर्जानगरची आई
तुमच्या गल्लीत रात्री आठनंतर कोणाला बाहेर पडायची भीती वाटते? नाही ना? मग मला वाघ शिकवू नका.

जंगलवाट
मी गावोगाव नुकसानीचे पंचनामे लिहून दिलेत, मृतांच्या घरी बसलोय. वस्तीला लागून झुडूप नको, हे मान्य. ते साफ करा. पण आतलं सगळं सपाट केलंत तर तो वस्तीतच शिरेल.

ओबीवाला
दिवे लावा, कुंपण घाला. आता वाघाचं पापही खाणीच्या माथी?

मातीपरीक्षक
थोडं आहेच. नुसत्या मुरमावर वेड्या बाभळीसारखी चिवट झुडपंच माजतात. वर माती असती, गवत आणि पीक असतं, तर लपण कमी झालं असतं. पूर्ण उत्तर नाही हे, वाघाचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

डिचोलीकर
आमच्या गोव्यात तर जांभ्यावर माती वीतभर. खनिजाच्या ढिगाऱ्यांवरून पावसात लाल चिखल आला आणि भातशेतं भरली. वर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून हिरवं दाखवलं. लोहखनिजाला तर १९८८ च्या नियमांतच माती वेगळी काढा, वेगळी ठेवा असं होतं. नियम होता, माझ्या काकांचं शेत मात्र गेलं.

ओबीवाला
दोन दिवस विचार केला. पावसाळ्यात माती उचलू नये, हे मान्य. मी स्वतः जुलैत उचलायला लावली आहे. टार्गेट होतं, वरून फोन यायचे, आणि तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. बाकी मुद्द्यांवर मी तुमच्याशी सहमत नाही. पण वर्धाकाठ, तुमच्या खाणीच्या क्लोजर प्लॅनच्या, म्हणजे खाण बंद करायच्या आराखड्याच्या, नकाशात मातीच्या राशीची जागा दाखवलेली असेल. ती शोधा. रास असेल तर अजूनही पसरायला लावता येईल, अर्ज लिहायला मी मदत करतो.

वर्धाकाठ
नकाशा मिळाला. आज जाऊन आलो. त्या जागेवर वजनकाटा आहे. तिथला जुना माळी म्हणाला, रास होती, दोन उन्हाळे ट्रॅक्टरनं कॉलनीच्या बागेत नेली. बाग पाहिली. गुलाबांखाली आमचीच माती आहे, भेगाही तशाच पडल्यात. अर्ज कोणाच्या नावे करायचा ते सांगा.